आधी म्हशी बघीन

कोथरूड, पुणे
२ मार्च २००९

चि. सुदर्शन यास आशीर्वाद. देते आहे, पण हात आखडता घेऊन.

फोन करत नाही, कारण फोनवर तू "हो आत्या" म्हणतोस आणि ठेवला की विसरतोस. कागद निदान फाडावा तरी लागतो.

तुझ्या शेजारच्या लंकाबाई काल डोळे दाखवायला पुण्यात आल्या होत्या. डॉक्टरांनी त्यांना कमी दिसतं म्हणून सांगितलं, पण घोडेगावच्या जीप स्टँडवर काय चाललंय ते त्यांना स्वच्छ दिसतं. तू संघटनेचा अध्यक्ष झालास म्हणे. अभिनंदन. आणि अध्यक्ष झाल्या झाल्या पहिलं काम कोणतं, तर वाटांची परीक्षा बंद करायची. ड्रायव्हरला वाट येते की नाही हे आता विचारायचं नाही. जीपमध्ये रस्ता सांगणारा डबा बसवायचा, आणि डबा बसवला की स्टँडच्या रांगेतला नंबर द्यायचा.

ही परीक्षा कुणी सुरू केली, माहीत आहे का? तू तेव्हा शाळेत नापास होण्यात गुंतला होतास म्हणून सांगते. मी घोडेगावची पोस्टमास्तर होते. एका ड्रायव्हरने राखीपौर्णिमेची टपालाची थैली आहुप्याऐवजी भीमाशंकरला नेऊन टाकली. तीन दिवस बहिणींच्या राख्या देवदर्शन करत बसल्या. मी स्टँडवर जाऊन सांगितलं, आजपासून माझ्या थैलीला हात लावण्याआधी रस्त्याकडे पाठ करून बसायचं आणि गावागणिक, वळणागणिक वाट म्हणून दाखवायची. ड्रायव्हरांतला सावळेराम पहिला बसला आणि एका दमात आहुप्यापर्यंत गेला. पुढे स्टँडवाल्यांनीच ती पद्धत केली. अक्षय्य तृतीयेला वर्षाचे नंबर वाटायचे, पण वाटा आल्या तरच.

तुझ्या डब्याचा मला अनुभव आहे. गेल्या महिन्यात टॅक्सीने मैत्रिणीकडे निघाले. डब्यातली बाई बोलत होती, ड्रायव्हर तिचं ऐकत होता. बाई मीही आहे, पण माझं ऐकलं नाही. एका सोसायटीच्या मागच्या भिंतीपाशी आणून ती म्हणाली, पोहोचलात. मैत्रीण भिंतीच्या पलीकडे, मी अलीकडे. एकोणसत्तराव्या वर्षी भिंत चढायला मला कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं नव्हतं.

परीक्षा बंद केलीस तर तुझ्या लग्नात दिलेला चांदीचा तांब्या परत घेईन.

तुझी आत्या,
मोहिनी

*

घोडेगाव
९ मार्च २००९

ती. आत्यास सा. न.

तांब्या घासून ठेवलाय, कधीही ने.

आत्या, लंकाबाईंनी अर्धंच सांगितलं. पुण्या-मुंबईचे लोक आता दर शनिवार-रविवार आहुप्याची देवराई बघायला येतात. गाड्या कमी पडतात. नवीन पोरं गाडी चांगली चालवतात, पण चाळीस वाटा पाठ करायला कुणी बसत नाही. मग चार जीपीएस आणले. त्यात चूक काय? तुझ्या पोस्टात तारायंत्र आलं तेव्हा तू निरोप घेऊन पळणारा माणूस ठेवलास का?

पण सावळेरामकाका तुझ्याच बाजूचे आहेत. ते म्हणाले, "मोहिनीबाईचा पेपर हाय, बाईला इचारल्याबगर बंद करायचा न्हाई." म्हणून सभेत असं ठरलं. यंदा परीक्षा घ्यायची. दोन माणसं बसतील आणि तिसरा जीपीएस. पेपर तू काढायचा, तपासायचाही तूच. जीपीएस पास झाला तर परीक्षा कायमची बंद. नापास झाला तर चारही डबे परत.

माणसं दोन, यंदा पहिल्यांदा नंबर मागणारी. एक निरगुडसरचा ऋषी, तीस वर्षांचा, कॉम्प्युटरचा कोर्स केलेला. दुसरा आहुप्याकडचा जानकू. चौथी शिकला. चौदा वर्षं दुसऱ्याच्या जीपवर होता, आता स्वतःची घेतलीय. नंबर मिळाला नाही तर ती वर्षभर स्टँडच्या रांगेत लावता येणार नाही. दारात उभी राहील. त्यामुळे जरा सांभाळून तपास.

तुझा,
सुदर्शन

*

पुणे
१४ मार्च २००९

चि. सुदर्शन,

सांभाळून तपास म्हणजे काय? मी तपासते. सांभाळायला तुझी आई आहे.

पेपर सोबत आहे. चार रात्री नव्हे, चार सकाळी बसून काढला. शेजारीण म्हणाली, बाई, तुम्ही दहा वर्षांनी लहान दिसताय. चाळीस प्रश्न, चाळीस गुण, अठ्ठाविसाला पास. डिंभे धरण भरल्यानंतरचे वळशाचे रस्ते सगळे घेतले आहेत, तेव्हा म्हातारीला जुनंच माहीत असं म्हणू नकोस. सतरावा प्रश्न मुद्दाम बघ: घोडेगावहून कुरणवाडीला कसे जाल? जुनी सडक पाण्याखाली गेली, आता धरणाला बावीस किलोमीटरचा वळसा. जो जुनी सांगेल तो बुडाला.

नियम. तिघांची पाठ रस्त्याकडे. उत्तरं तूच तुझ्या अक्षरात लिहून काढ. नावं घालायची नाहीत, फक्त अ, ब, क. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर पेपर तपासताना नावावर कागद चिकटवत. मला माणूस कोण आणि डबा कोण हे कळता कामा नये. अर्थात ते मला पहिल्याच उत्तरात कळेल.

आत्या

*

घोडेगाव
२४ मार्च २००९

ती. आत्यास सा. न.

झाली परीक्षा. अख्खा बाजार लोटला होता. हॉटेलवाल्याने दुपारी दूध संपलं म्हणून हात जोडले.

सावळेरामकाकांनी जीपीएसलाही स्टुलावर बसवला आणि त्याचं तोंड भिंतीकडे केलं. नियम म्हणजे नियम. पण पत्र्याच्या शेडमध्ये त्याला उपग्रह सापडेना. शेवटी उघड्यावर नेला तेव्हा बोलायला लागला. काका म्हणाले, "मंग ह्येचं पाठांतर न्हाईच. ह्यो वर बघून कॉपी करतोय." माणसं पोट धरून हसली. कॉपीबद्दल तुझ्याकडे तक्रार करायला सांगितलंय, ती केली.

उत्तरं जशी मिळाली तशी लिहिली आहेत. इंग्रजी शब्द होते ते मराठीत केले, बाकी एकही शब्द माझा नाही.

सुदर्शन

*

पुणे
३० मार्च २००९

चि. सुदर्शन,

निकाल.

अ ला एकतीस. ठोकळेबाज. मोठी चूक नाही, पण जीवही नाही. विचारलं तेवढं सांगतो.

ब ला सदतीस. वा. कुठे वळायचं, किती अंतरावर, सगळं मोजून. मीटरात सांगतो! हा गृहस्थ लष्करातून आलेला असणार. माझ्या काळात असा एक माणूस मिळाला असता तर राख्या भीमाशंकरला गेल्या नसत्या.

क चं काय सांगू. तीस उत्तरं बरोबर आहेत, पण बाकीच्यांत प्रश्नालाच प्रश्न. आहुप्याला किती वेळ लागेल, तर म्हणे, "पावणं किती आन् त्यातलं वकनारं किती?" भीमाशंकरची वाट विचारली, तर म्हणे, "धुकं हाय का न्हाई?" आणि सतराव्या प्रश्नाला, ज्याच्यावर मी एक अख्खी सकाळ घालवली, त्याचं उत्तर तीन शब्दांत: "आधी म्हशी बघीन." परीक्षेत विनोद करणाऱ्याला आमच्या सिस्टर बाकावर उभं करत. मी शून्य दिलं आणि उद्धटपणाचे चार गुण कापले. सव्वीस. नापास.

आता डबा ओळखते. म्हशी कुठल्याही उपग्रहाला सुचणार नाहीत, तेव्हा क माणूस, आणि चेष्टेखोर माणूस. ब तर माणूसच. राहिला अ. म्हणजे तुझा डबा पास झाला खरा, पण माणसाने त्याला सहा गुणांनी लोळवलं. आता सभेत सांग, ज्या स्टँडवर ब सारखी माणसं आहेत तिथे डबे लागतात कशाला?

मी आज स्वतःसाठी शिरा केला.

आत्या

*

घोडेगाव
६ एप्रिल २००९

ती. आत्यास सा. न.

शिरा संपला असेल तर बस.

ब म्हणजे जीपीएस.

अ म्हणजे ऋषी. तुझं "जीव नाही" मी सभेत वाचून दाखवलं. तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही.

क म्हणजे जानकू.

सभेत एवढा हशा झाला की एसटीच्या कंडक्टरने उतरून विचारलं काय झालं. जानकू हसला नाही. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, डबा बसव, आजच नंबर देतो, आता परीक्षा राहिलीच नाही. तो म्हणाला, "न्हाई भाऊ. नापास झालोय, त्ये आदी धुऊन निघू दे. बाईसायेब खोटं मार्क देत न्हाईत." तू पोस्टात असताना त्याच्या आईची मनिऑर्डर पावसात स्वतः चालत नेऊन दिली होतीस, ते तो अजून सांगतो. मग जीप घेऊन गेला. वर्षभर आता ती दारात.

ठरल्याप्रमाणे परीक्षा बंद. पुढच्या वर्षीपासून डबा तोच परीक्षा. अक्षय्य तृतीयेला, २७ तारखेला दुपारी चारला, नंबरचे बिल्ले वाटायचे आहेत. ते तुझ्या हातून वाटावेत असं सगळ्यांनी एकमताने ठरवलं. रागावू नकोस. शेवटची परीक्षा तुझी होती, मान तुझाच.

सुदर्शन

*

पुणे
१० एप्रिल २००९

सुदर्शन,

तू नियम पाळलेस, म्हणून तुला काही म्हणता येत नाही. याचाच मला जास्त राग आहे.

दिलेले गुण मी बदलत नाही. डब्याला सदतीस दिले ते दिले. जानकूला सव्वीस दिले ते दिले. आज माणसाची दया आली म्हणून वाढवले, तर उद्या कुणाचा राग आला म्हणून कमी करीन.

मी येते. पण एक गोष्ट दोन दिवस डोक्यातून जात नाही. जो माणूस "बाईसायेब खोटं मार्क देत न्हाईत" म्हणतो, तो माझ्या पेपरात चेष्टा का करील? त्याला विचार, म्हशींचं काय होतं.

२७ ला सकाळी मला कुरणवाडीला अंबाबाईकडे जेवायला जायचं आहे. अठरा वर्षं तिने माझं पोस्ट झाडलं. गाडी डब्याचीच दे. बघू या सदतीसवाला कसा चालतो.

आत्या

*

घोडेगाव
१७ एप्रिल २००९

ती. आत्यास सा. न.

विचारलं. तो म्हणाला, "बाईसायेबास्नी म्हनावं, आकितीला येतायत ना, तवा दावतो."

ऋषी गाडी घेऊन येईल. त्याच्याशी नीट बोल, त्याला जीव आहे.

सुदर्शन

*

पुणे
२९ एप्रिल २००९

चि. सुदर्शन,

परवा मी गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली मंडपात आले, सगळे बिल्ले वाटले, ऋषीचाही, आणि उरलेला एक जानकूच्या खिशाला लावून साडेपाचच्या एसटीत बसले. तू खिडकीखाली उभा राहून "आत्या, हे काय" विचारत होतास. तेव्हा मला दम लागला होता. आता सांगते.

सकाळी ऋषीने मला वळशाने नेलं. डब्यातली बाई इंग्रजीत बोलत होती, सिस्टरनी ऐकलं असतं तर कान धरला असता, पण वाट बरोबर सांगत होती. ऋषी गुणी आहे. "जीव नाही" बद्दल मी त्याची माफी मागितली. अंबाबाईकडे आमरस झाला, पोस्टातल्या सगळ्या मेलेल्या-जिवंत माणसांची आठवण झाली, आणि अडीचला निघालो.

पहिल्याच घाटवळणावर खडीचा ट्रक आडवा पडलेला. कुणाला लागलं नव्हतं, पण रस्ता पूर्ण बंद, आणि क्रेन मंचरहून यायची होती. डबा म्हणत होता, सरळ जा. ऋषीने दोनदा बंद-चालू केला. सरळ जा. चारला बिल्ले वाटायचे आणि मी डोंगराच्या कडेला.

आम्ही परत कुरणवाडीला फिरलो, आणि उतारावरून मी खाली पाहिलं. सुदर्शन, धरणाचं पाणी उन्हाने आणि कालव्यांनी इतकं खाली गेलं होतं की माझी जुनी सडक उघडी पडली होती. मोऱ्यांसकट. पलीकडच्या काठापर्यंत सगळं वाळलेलं, भेगाळलेलं. अकरा वर्षं टपाल गेलं तो रस्ता माझ्या डोळ्यांसमोर. बावीस किलोमीटरांऐवजी पाच. मी ऋषीला म्हटलं, दिसतोय ना, घाल गाडी. तो डब्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, तिला काय विचारतोस, मला विचार. मी या सडकेवर म्हातारी झाले.

त्याने गाडी उतारावर घातली आणि समोर जानकू उभा. पंधरा वर्षांनी पाहिला, ओळखला तो उभं राहण्यावरून. त्याची जीप बाजूला, हात आडवा; मी कुरणवाडीला येणार हे तुझ्याकडून कळलं म्हणून वाट बघत होता.

"थांबा बाईसायेब. म्हशी अजून उतरल्या न्हाईत."

मला वाटलं, पुन्हा तीच चेष्टा. मी बोलले. काय बोलले ते लिहीत नाही. ऋषीला विचार, त्याने काही शब्द नवीन शिकले. जानकूने ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाला, "बसा सावलीला. धा मिनिटं. साळुबाई निघालीच आसंल."

साळुबाई म्हणजे अंबाबाईची सून. तीनच्या सुमाराला ती अकरा म्हशी घेऊन उतारावर आली. रोज आणते, पाण्यावर. जानकू उकिडवा बसला आणि म्हशींचे पाय बघायला लागला. तोंड नाही, शिंगं नाही, नुसते पाय. म्हशी खाली उतरल्या आणि माझ्या सडकेकडे न जाता डावीकडून, मोकळ्या रानातून निघाल्या. मी म्हटलं, सडक सोडून का जातात? तेवढ्यात एक पारडी मस्तीत माझ्या सडकेवर गेली. वरून भेगा पडलेली, भाकरीसारखी वाळलेली जमीन, आणि ती पोटापर्यंत आत. साळुबाई आणि जानकूने शेपटीला धरून तिला बाहेर काढली. मीही दोर ओढला. चिखल तिथला.

जानकूने मग सांगितलं. सडकेच्या दोन्ही बाजूंना बांध, त्यामुळे गाळ तिथेच साचतो, वरची साय वाळते आणि खाली नुसती आंबील. रान उताराचं, तिथलं पाणी निथळून जातं. पण दर वर्षी गाळ सरकतो, वाट बदलते. ती माणसाला दिसत नाही. म्हशीला पायाखाली कळते. खूर बुडला तर जीप जाते, गुडघा बुडला तर जात नाही. कुरणवाडीची माणसं दर उन्हाळ्यात आधी म्हशी बघतात, मग गाडी घालतात. तो म्हणाला, "तुमी इचारलं कुरनवाडीला कसं जाल. महिना न्हाई सांगितला. पावसात इचारलं आसतं तर वळसा सांगितला आसता."

मी पाण्याखालची सडक धरून बसलेली, डबा वळसा धरून बसलेला. तू आम्हा दोघांना एकमेकांचे वैरी समजतोस. आम्ही सख्ख्या बहिणी आहोत. दोघींनाही वाट एकच माहीत, आणि ती कधीतरी कुणीतरी आखून दिलेली.

मग जानकू पुढे, ऋषी मागे, आणि दोघांच्या पुढे अकरा म्हशींचे खूर. मी जानकूच्या जीपमध्ये बसले. अर्ध्यात जमीन मऊ लागली तेव्हा त्याने मला उतरवून चालत नेलं. मागून ऋषीच्या गाडीतली बाई ओरडत होती की आपण रस्त्यावर नाही. खरंच होतं ते. चारला दहा कमी असताना मी मंडपात होते. एकोणसत्तर वर्षांत इतकी मजा मी केलेली नाही.

आता कामाचं. गुण मी बदलत नाही म्हटलं होतं, दयेने बदलत नाही. पण आमच्या शाळेत एक नियम होता: प्रश्न चुकीचा असेल तर गुण विद्यार्थ्याचे जात नाहीत, बाईंचे जातात. सतरावा प्रश्न चुकीचा होता. त्याचा एक गुण जानकूला. जो उद्धटपणा नव्हताच त्याचे चार परत. एकतीस. पास. बिल्ला दिला तो हक्काचा दिला. सभेत कुणी कुरकुरलं तर हे पत्र वाचून दाखव, चिखलाच्या साडीचा फोटो मागितला तर तोही पाठवते.

आत्या

*

घोडेगाव
८ मे २००९

ती. आत्यास सा. न.

सभा झाली. दोघे-तिघे कुरकुरले. एकजण म्हणाला, बाईंना मंडपात आणून सोडलं म्हणून पास केला. मी तुझं पत्र वाचलं. "सख्ख्या बहिणी" ला ऋषीने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी. जानकूचा नंबर पक्का, अठरावा. पहिल्याच दिवशी त्याने मुंबईची चार माणसं नेली. निघताना मी ऐकलं, त्यांना विचारत होता, "पावणं, गाडी लागती का कुनाला?"

जीपीएस ठेवतोय. परगावची माणसं घ्यायला पुण्याला जावं लागतं, तिथे लागतो. पण परीक्षा चालू राहणार, आणि पेपर दर वर्षी नवा. सावळेरामकाकांनी एक ठराव मांडला, तो मी विरोध करूनही बहुमताने मंजूर झाला: ज्याने चुकीचा प्रश्न काढला त्यालाही एकदा रस्त्याकडे पाठ करून बसवायचं. म्हणजे तुला. पेपर जानकू काढणार. तू पुढच्या आकितीपर्यंत थांबणार नाहीस हे ओळखून त्याने पहिला प्रश्न आत्ताच दिलाय. मी त्याच्या शब्दांत लिहितो.

"बाईसायेब, तुमच्या घरी च्याला यायचंय. शिवाजीनगर स्टँडवरनं कसं येऊ?"

उत्तराचं पत्र त्याच्या नावाने टाक. त्याला पोस्टाचं पत्र आलेलं आवडतं.

सुदर्शन

*

पुणे
१३ मे २००९

श्री. जानकू यांस नमस्कार.

तुमचा प्रश्न मिळाला. आनंदाने कागद घेतला आणि उत्तर लिहायला बसले. स्टँडवरून बाहेर पडलात की नदी डाव्या हाताला ठेवा, ओलांडू नका, मग सरळ. अकरा ओळी झाल्या. सगळी वळणं, सगळे चौक, कुठे काय खूण. पेपर तपासणाऱ्याने पैकीच्या पैकी द्यावेत असं उत्तर.

मग ते फाडलं.

माझं उत्तर हे आहे, आणि याचे गुण तुम्ही द्यायचे:

कंच्या वारी निघताय, आणि सकाळी की दुपारी?

आपली,
मोहिनी
माजी पोस्टमास्तर, घोडेगाव